‘बास’ म्हटलेलं ऐकू यावं म्हणून

मित्रांनो, जुना सायलेन्सर म्हटलं की लोक आधी भंगारवाल्याला हाक मारतात आणि मग त्याच्याकडे बघतात. तुम्ही तसं करू नका. थोडं थांबा आणि माझं ऐका. मी एका लहानशा लाल गाडीचा मूळ सायलेन्सर आहे, तिच्याबरोबर कारखान्यातून आलेला. गाडी दोनच सीटची. बोनेट लांबलचक आणि डिकी एवढीशी, भाजीच्या दोन पिशव्या ठेवल्या तर झाकण लावताना मेथीची जुडी चेपते. त्या डिकीखाली, जमिनीपासून वीतभर वर मी लटकलेला असतो. रस्त्यावरचा सगळा चिखल माझ्यावर, सगळी धूळ माझ्यावर. थंडीत सोसायटीतलं मांजर ऊब घ्यायला येतं, तेही मलाच चिकटतं. माझं कौतुक मात्र कोणी करत नाही. करणार तरी कसं? मी नीट काम केलं की काहीच ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही त्याला टाळ्या कोण वाजवणार?

माझा जन्म परदेशातला. पोलादाचा पत्रा गोल वळवून मला बनवलं. माझ्या पोटात भोकं पाडलेल्या नळ्या आहेत आणि लहान लहान खोल्या आहेत. इंजिनातून आवाज निघतो तो रागावलेल्या माणसासारखा दाणदाण धावत येतो. मी त्याला या खोलीतून त्या खोलीत फिरवतो, वळसे घालायला लावतो. दमतो बिचारा, आणि शहाण्यासारखा हळूच बाहेर पडतो. हेच माझं काम. पुढे गाडी जहाजातून भारतात आली. मराठी मी पुण्यात शिकलो, त्यामुळे माझं बोलणं जरा तिरकस आहे. तेवढं चालवून घ्या.

पहिल्या मालकाने आम्हाला झाकण घालून उभं करून ठेवलं होतं. मग आयुष आला. आयुष कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणारा, अबोल, उंच मुलगा. शाळेत असल्यापासून त्याने असल्याच गाडीचं चित्र कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलं होतं म्हणे. गाडी विकत घेतली त्या दिवशी त्याने बोनेटवरून हात फिरवला, चारही चाकं पाहिली, आणि चक्क खाली वाकून माझ्याकडेही पाहिलं. माझा ऊर भरून आला हो!

तो आम्हाला विश्रांतवाडीला घरी घेऊन आला. चार मजली सोसायटी, खाली खांबांमधलं पार्किंग आणि पहिल्या मजल्यावर यांचं घर. गॅलरीतून वाकलं की आमची जागा दिसायची. घरात माणसं तीन. आयुष, त्याची आई राधाबाई आणि वडील दशरथराव. राधाबाई महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “घरात माणसं तीन, गाडीत सीटा दोन. तिसऱ्याने काय डिकीत बसायचं?”

“आई, ही स्पोर्ट्स कार आहे,” आयुष म्हणाला.

“असेल. मग तुझं लग्न झाल्यावर आम्ही दोघांनी मागून धावत यायचं. तोही खेळच की.”

समोरच्या फ्लॅटमधले बद्रीनाथकाका चार लिंबं घेऊन खाली आले होते. चाकाखाली ठेवा, नवीन गाडीला चांगलं असतं, म्हणाले. दशरथरावांनी त्यांच्या हातून लिंबं घेतली आणि म्हणाले, “चांगली लिंबं कशाला चिरडायची? वर चला, सरबत करू.” मग सगळे वर गेले आणि सरबत प्याले. संध्याकाळी गाडी विहाराकडे गेली. दशरथराव आयुषच्या शेजारी बसले होते, धुतलेला पांढरा सदरा घालून. वंदना झाली, परत आले, आणि आता गाडी जागेवर लावायची वेळ आली. माझी खरी गोष्ट इथून सुरू होते.

आमची जागा म्हणजे दोन खांबांच्या मधली बोळकांडी. मागे भिंत. भिंतीला लागून सिमेंटचा बुटका ओटा. गाडी उलटी आणून तिथे बसवायची म्हणजे कसरत. आयुषने गाडी तोंडाशी आणली, तोच दशरथराव उतरून मागे ओट्यावर जाऊन उभे राहिले. एक हात वर केला आणि म्हणाले, “येऊ दे.”

मित्रांनो, दशरथराव सगळी नोकरी शहरातल्या बसवर कंडक्टर होते. भलीमोठी बस अरुंद डेपोत मागे घ्यायची असली की ड्रायव्हर आरशात बघायचा नाही, कंडक्टरचा आवाज ऐकायचा. मागे कंडक्टर आहे ना? मग झालं. त्याच सुरात ते म्हणत राहिले, “येऊ दे, येऊ दे, डावीकडं घे, येऊ दे... बास!” आणि डिकीवर तळहाताची एक थाप. गाडी ओट्यापासून चार बोटांवर थांबली. ती थाप डिकीतून माझ्या अंगापर्यंत आली. काय सांगू, त्या थापेत केवढा आनंद होता!

मग ते रोजचंच झालं. आयुष ऑफिसमधून येताना चौकातून एक मिस्ड कॉल द्यायचा. वर दशरथराव चहाचा कप खाली ठेवायचे, चप्पल घालायचे आणि आम्ही गेटातून आत वळेपर्यंत जागेवर हजर. गाडीला मागे कॅमेरा नव्हता. राधाबाई एकदा म्हणाल्याही, “अरे, बसवून घे की एक कॅमेरा.” आयुष म्हणाला, “बाबा आहेत ना.” हे दशरथरावांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी चौकातून मिस्ड कॉल यायच्या आधीच ते खाली येऊन उभे होते.

गाडी लागली की बापलेक लगेच वर जायचे नाहीत. डिकीला टेकून थोडा वेळ बोलत उभे राहायचे, अगदी माझ्या डोक्यावर. आज ऑफिसात काय झालं, साहेब काय म्हणाला, कोणत्या बसचा रस्ता बदलला, आईचा पाय कसा दुखतोय. वर घरात गेलं की टीव्ही लागायचा, फोन वाजायचे, जो तो आपापल्या खोलीत. बापलेकांचं जे काय बोलणं व्हायचं ते इथेच. नोकरी संपलेल्या माणसाला दिवसभर काही काम नसतं. दशरथराव सकाळपासून त्या एका ‘येऊ दे’साठी थांबलेले असायचे, हे मला कळायचं. आयुषला कळत होतं की नाही कोण जाणे.

मग दृष्ट लागली म्हणा.

रविवारी सकाळी असल्या गाड्यांची पोरं एकत्र जमायची, घाटाकडे जायची, मिसळ खायची. आयुषही जाऊ लागला. तिथल्या गाड्या नुसत्या सुरू झाल्या तरी झाडावरचे कावळे उडायचे. आमची गाडी सुरू झाली की शेजारच्यालाही कळायचं नाही. एके दिवशी एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, “भाई, ही स्पोर्ट्स कार आहे की शिलाई मशीन?” सगळे हसले. आयुषही हसला. पण परतीच्या वाटेवर त्याने गाणी लावली नाहीत. माझ्यामुळे माझ्या मालकाला मान खाली घालावी लागली, याचं मला फार वाईट वाटलं.

वारज्यात तेजस नावाच्या तरुणाचं गॅरेज आहे. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. आयुष त्याच्याकडे गेला तो फक्त एअर फिल्टर बदलायला. कंपनीच्या डब्यातला काढून मोठा, उघडा फिल्टर बसवला. इंजिन हवा ओढताना सुस्कारे टाकू लागलं. आयुष खूश. पुढच्या खेपेला तेजस म्हणाला, “गाडी उंच दिसते रे. शॉर्ट स्प्रिंग टाकू, एकदम बसेल रोडला.” स्प्रिंगा बदलल्या, गाडी खाली बसली. मग इंजिनाचा जोर वाढावा म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडून त्याचं डोकं फिरवलं. मित्रांनो, भूक लागली की माणूस जेवतो आणि थांबतो. या हौसेचं तसं नसतं. एक भाग बसवला की तोच दुसऱ्याला बोलावून घेतो. मी डिकीखाली लटकून सगळं बघत होतो आणि माझी पाळी कधी येते याची वाट पाहत होतो.

ती आलीच. तेजसने गाडी लिफ्टवर घेतली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “भावा, पुढून एवढी हवा आत घेतोय आणि मागे हा बसलाय नाक दाबून. हा कंपनीचा स्टॉक काढला ना, की गाडी श्वास घेईल बघ.”

“आवाज किती येईल?” आयुषने विचारलं.

“थोडा बेस येईल. डिसेंट एकदम.”

डिसेंट! मी मनात म्हटलं, कळेलच.

माझे नट गंजले होते. तेजसने त्यांवर तेल मारलं, वाट पाहिली, पाना लावून अंगाचं वजन टाकलं. एक नट सुटला, दुसरा कटकन तुटला. ज्या रबरी कड्यांवर मी लटकायचो त्यांतून मला ओढून काढलं, आणि मी जमिनीवर आलो. जिथे मी होतो तिथे एक चकचकीत, लांब पाइप बसला. त्याच्या पोटात खोल्या नव्हत्या, वळसे नव्हते. एकच सरळ नळी, आत आलेला आवाज तसाच्या तसा बाहेर. त्याच्यावर माझा राग नाही हो. तो शर्यतीच्या मैदानासाठी जन्मलेला. त्याला विश्रांतवाडीच्या पार्किंगमध्ये आणलं यात त्याचा काय दोष?

“हा टाकू नको हां,” तेजस आयुषला म्हणाला. “पासिंगला लागतो. गाडी विकताना पण विचारतात.” म्हणून मला गोणपाटात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवलं. मी जड आहे, त्यामुळे गाडीला वाटलं माणूसच बसलाय, आणि पट्टा लावा म्हणून ती टिवटिव करू लागली. आयुषने मला पट्टा लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी सीटवर बसलो, तोही असा. आणि गाडी सुरू झाली तेव्हा जो आवाज मी इतकी वर्षं गिळत होतो तो मला पहिल्यांदा बाहेरून ऐकू आला. खरं सांगतो, मी हादरलो.

त्या संध्याकाळी मिस्ड कॉलची गरज पडली नाही. गाडी चौकात असतानाच घरात कळलं. गेटात शिरलो तर बद्रीनाथकाका गॅलरीत उभे. “विमानतळ जवळ होताच,” ते वरून म्हणाले, “आता धावपट्टीही आली. छान झालं.”

दशरथराव नेहमीसारखे मागे उभे होते. गाडी लागल्यावर त्यांनी कानातून बोट काढलं. “हे काय केलंस रे?”

“बाबा, परफॉर्मन्स वाढतो. गाडी मोकळा श्वास घेते.”

“ती घेते रे. आपण कुठं घ्यायचा?” मग मुलाचा चेहरा उतरलेला दिसला तसे लगेच मऊ झाले. “असू दे. हौसेला मोल नसतं. तुझ्या कष्टाची गाडी आहे.”

राधाबाईंनी मला घरात घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा दशरथरावांनीच मला पार्किंगच्या मागच्या भिंतीवर, ओट्याच्या वर जी लोखंडी फळी होती तिच्यावर ठेवलं. गोणपाट नीट गुंडाळलं, सुतळीने बांधलं, आणि एकटेच असताना माझ्यावर हात ठेवून म्हणाले, “चांगला होतास की तू. तुला कशाला काढलं?” मित्रांनो, आख्ख्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

त्या फळीवरून मला सगळं समोर दिसायचं. रोज संध्याकाळी गाडीची पाठ माझ्याकडे यायची आणि मधे दशरथराव असायचे. आता काय काय बदललं बघा. स्प्रिंगांमुळे गाडी खाली बसलेली, म्हणून जागेच्या तोंडाशी पाण्याच्या चरावर जी लोखंडी जाळी आहे तिला तिचं पोट घासायचं. म्हणून आयुषने तिथे दोन लाकडी फळ्या टाकल्या. फळ्यांवर चाकं चढवायला ॲक्सिलरेटर जास्त द्यावा लागायचा. ॲक्सिलरेटर दिला की तो सरळ पाइप असा गरजायचा की खांबाखांबांतून आवाज घुमायचा. आणि तो पाइप माझ्यापेक्षा लांब आणि खाली आलेला, त्यामुळे तो ओट्यावर आपटायची भीती. मग दशरथराव उभे न राहता ओट्याजवळ वाकून बसायला लागले, पाइप आणि ओटा यांच्यात किती जागा उरली ते बघायला. ज्या पाइपने त्यांचे कान किटले होते त्याला ओरखडा पडू नये म्हणून ते जपत होते. मुलाने हौसेने आणलाय ना!

“येऊ दे” आता ओरडून म्हणावं लागायचं. “बास” तर घसा ताणून. काही दिवसांतच त्यांचा आवाज बसला. राधाबाई आयुषला म्हणाल्या, “अरे, तुझ्या बाबांना घरी येऊन मिठाच्या गुळण्या कराव्या लागतात. काढ ते भोंगाड.”

“आई, सवय होईल ना सगळ्यांना. थोडे दिवस.”

आणि ते डिकीला टेकून बोलणं? तेही हळूहळू बंद पडलं. गाडीतून उतरल्यावर आयुषच्या कानात घूं घूं होत असायचं. दशरथराव काही म्हणायचे, तो म्हणायचा, “काय?” ते पुन्हा म्हणायचे, तो पुन्हा “काय?” मग ते म्हणायचे, “काही नाही, चल वर.” मी फळीवर बसून ऐकत होतो. काय उपयोग? माझ्या पोटात हवा तेवढा आवाज मावला असता, पण मी गोणपाटात होतो.

दिवाळी होऊन गेली होती, अंधार लवकर पडायला लागला होता. त्या दिवशी आयुष ऑफिसातून वैतागून आला होता, हे फळ्यांवर चाक चढवण्याच्या पद्धतीवरूनच कळलं. पहिल्यांदा चाक चढलं नाही, घसरलं. काचा बंद. दशरथराव ओट्याशी एक गुडघा टेकून वाकलेले. उजवा पाय मागे ओट्याला टेकलेला. “येऊ दे,” ते म्हणाले. गाडी गरजली, फळीवरून मागे आली. “येऊ दे... बास!”

मला ऐकू आलं. डिकीवरची थापही मला ऐकू आली. आयुषला आली नाही. त्याला वाटलं पुढचं चाक अजून लाकडी फळीवर अडकलंय, म्हणून त्याने आणखी जोर दिला. गाडी हातभर मागे आली. पाइप तापलेला होता. तो दशरथरावांच्या नडगीवर टेकला आणि नडगी ओट्यावर. ते डिकीवर थापा मारत होते आणि म्हणत होते, “बास, बाळा, बास.” ओरडतसुद्धा नव्हते. मी फळीवर होतो, हाताच्या अंतरावर, आणि मला हलता येत नव्हतं.

राधाबाईंनी गॅलरीतून पाहिलं. त्या अनवाणी जिना उतरून धावत आल्या आणि दोन्ही हातांनी आयुषच्या काचेवर बुक्के मारायला लागल्या. त्याने दचकून गाडी पुढे घेतली, इंजिन बंद केलं. सगळीकडे एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत आयुषला त्याच्या वडिलांचा आवाज ऐकू आला. ते म्हणत होते, “काही नाही, काही नाही. घाबरू नको.”

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पायात सळई घालावी लागली. हाडापेक्षा भाजल्याची जखम जास्त दिवस चालली. बद्रीनाथकाका हॉस्पिटलमध्ये डबा पोचवायचे, जाता येता पार्किंगमध्ये कोणी भेटलं तर सांगायचे, म्हणून मला कळायचं. धावपट्टीचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

आयुषने मला फळीवरून उतरवलं, गोणपाट सोडलं आणि वारज्याला नेलं. तेजसने सगळं उलट केलं. पाइप काढला, जुन्या स्प्रिंगा शोधून बसवल्या, फिल्टर पूर्वीचा घातला, कॉम्प्युटर पूर्वीसारखा केला. मला नवे नट मिळाले, नव्या रबरी कड्या मिळाल्या. काम संपल्यावर तेजस हात पुसत म्हणाला, “आयुष, यार... मीच म्हणालो होतो काढ म्हणून.”

“तू म्हणालास. ऐकलं मी,” आयुष म्हणाला. “घरी बाबा ओरडून सांगत होते ते नाही ऐकलं.”

मी डिकीखाली पुन्हा माझ्या जागी होतो. याच दिवसाची मी फळीवर वाट पाहिली होती. पण मित्रांनो, मला काडीचाही आनंद झाला नाही. असल्या कारणाने परत यायचं असतं का? त्यापेक्षा फळीवर गंजून गेलो असतो तर बरं झालं असतं.

दशरथराव घरी आले, काठी घेऊन चालायला लागले. आयुष मात्र गाडी सोसायटीत आणेना. बाहेर रस्त्यावर, गुलमोहराखाली लावायचा आणि चालत आत जायचा. आमची जागा रिकामी. बापाशी तो बोलायचा ते औषध घेतलं का, डॉक्टर काय म्हणाले, एवढंच. नजर वर करायचा नाही. आणि दशरथराव? गेटातून मला दिसायचे. संध्याकाळ झाली की काठी टेकत खाली यायचे, रिकाम्या जागेत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. बाहेर गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला की उठायचे आणि मुलाच्या मागून जिना चढायचे.

शेवटी राधाबाईंनीच तोंड उघडलं. गाडीपाशी येऊन, आयुष उतरायच्या आत त्यांनी दार धरलं. “आयुष, पाय मोडला त्याचं तुझ्या बाबांना काही वाटत नाही. तू त्यांची संध्याकाळ काढून घेतलीस, त्याचं वाटतं. शिक्षा तुला करून घ्यायची असेल तर तू घे. त्यांना का देतोस?”

आयुषने दार ओढून घेतलं, गाडी सुरू केली आणि गेटातून आत आणली.

दशरथराव खुर्चीवरून उठले. चेहरा असा फुलला की बघत राहावं. ते मागे गेले नाहीत, खांबाच्या बाजूला उभे राहिले. आयुषने दोन्ही काचा खाली केल्या. मी माझ्या परीने जीव ओतून काम करत होतो. इतका कमी आवाज मी आयुष्यात कधी केला नसेल. “येऊ दे,” दशरथराव साध्या आवाजात म्हणाले, आणि ते आयुषला स्वच्छ ऐकू आलं. गाडी थोडी मागे आली आणि थांबली.

“येऊ दे की. भरपूर जागा आहे.”

गाडी हलली नाही. आयुषचा पाय ब्रेकवर असा दाबलेला होता की मागचे लाल दिवे जळत राहिले. “बाबा, तुम्ही वर जा,” तो म्हणाला. “तुम्ही इथे असताना मला नाही जमत. सगळं ऐकू येतंय तरी नाही जमत.” आणि तो रडायला लागला. एवढा उंच मुलगा, लहान पोरासारखा.

दशरथराव काठी टेकत त्याच्या दाराशी आले. “अरे, मोडला माझा पाय आणि लंगडतोयस तू,” ते म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, “इंजिन बंद कर. उतर खाली. जन्म गेला ड्रायव्हरच्या मागं उभं राहण्यात. आज मी बसतो.”

त्या बसक्या सीटमध्ये तो सळईचा पाय घालताना काय हाल झाले म्हणून सांगू! राधाबाईंनी एक पाय उचलून आत ठेवला, आयुषने खांद्याला धरलं. “अहो, जपून! ही काय बस आहे का?” राधाबाई ओरडत होत्या. शेवटी बसले एकदाचे. गाडी न्यूट्रलमध्ये होती. एक हात स्टिअरिंगवर, एक हात हँडब्रेकवर, मान मागे वळवलेली. आयुष पुढे गेला, बोनेटवर दोन्ही हात ठेवले आणि काचेतून समोर बसलेल्या वडिलांकडे बघत गाडी ढकलायला लागला.

गाडी हळूहळू मागे सरकली. चाकांखाली वाळू चुरचुरली तेवढाच काय तो आवाज. ओटा जवळ आला तसा दशरथरावांनी स्वतःच्या हाताने ब्रेक ओढला.

तेव्हापासून रोज असंच चालतं. वाऱ्यासारखं धावावं म्हणून जिच्यात काय काय बसवलं, ती गाडी माणसाच्या पावलांनी ढकलत जागेवर जाते. वडील जवळ असले की आयुष इंजिन सुरू करत नाही. कदाचित कधीच करणार नाही. नट आवळले की माझ्यासारखा सायलेन्सर पुन्हा पूर्वीसारखा बसतो. त्या मुलाचं तसं झालं नाही, आणि याची खंत मी गंजून जाईपर्यंत माझ्याबरोबर राहील. पण गाडी लागली की तो दाराशी उकिडवा बसतो, वडील आत सीटवरच असतात, आणि दोघं बोलतात. परवा राधाबाईंना वरून तीनदा हाक मारावी लागली, जेवण निवतंय म्हणून. इंजिन बंद असतं, मला काहीच काम नसतं. मी नुसता ऐकत असतो.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. घ्या, खुशाल घ्या. त्यांना हवं ते लावा, नटवा, पळवा, हौस करा. माझं मागणं एवढंच आहे. गाडीला नवं काही बसवायच्या आधी इंजिन बंद करा, खाली उतरा, आणि रोज तिच्या मागे कोण उभं असतं ते एकदा बघून या.